दोन झुरके

त्या पेटीनं मला पहिल्यांदा विचारलं, "तुम्ही विडी ओढता का?" तेव्हा मी पायातली चप्पल हातात घेतली होती. रेश्मा मध्ये आडवी आली म्हणून पेटी वाचली. नाहीतर सरकारला नवीन बसवावी लागली असती.

मी मालन चौगुले. शाळा चौथीपर्यंत. पण एकेचाळीस वर्षं आमचं गुऱ्हाळ माझ्या शब्दावर चालतं. ऊस कधी तोडायचा, चुलवाण कधी पेटवायचं, कुणाला कामावर घ्यायचं आणि कुणाला हाकलायचं, सगळं मी ठरवते. नवऱ्याला गावात मालक म्हणतात. मीही म्हणते. म्हणायला काय जातंय?

मालक म्हणजे हिंदुराव. आमचे गुळव्या तेच. काहिलीत रस उकळायला लागला की पाक नेमका कधी झाला हे ज्याला कळतं तो गुळव्या. आता आजूबाजूच्या गुऱ्हाळांत विजेच्या काहिली आल्यात, पाक झाला की घंटी वाजते. आमच्याकडे अजून खाली चिपाडाचा जाळ आणि वर मालकांचं नाक. वाफ नाकावरून गेली की म्हणणार, "अजून दोन उकळ्या." घंटी चुकेल, ते नाक चुकत नाही. त्या एका गोष्टीत मी त्यांच्या वाटेला जात नाही. बाकी सगळ्यात जाते.

गेल्या वर्षी माझे धाकटे दीर, बळवंत, गेले. पहाडासारखा माणूस. काही म्हणजे काही होत नव्हतं. मग खोकला सुरू झाला, तर आम्ही म्हणालो धुराचा असेल. अडुळसा दिला, मध दिला, चार महिने दिला. फोटो काढला तेव्हा दोन्ही फुप्फुसं भरलेली. डॉक्टर म्हणाला, खोकला यायच्या आधी कळलं असतं तर कापून काढता आलं असतं. खोकला यायच्या आधी कुणाला कळणार, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, त्यासाठीच छातीच्या फोटोची गाडी फिरते.

झालं. मालकांना गाडीत घालायचं मी तिथंच ठरवलं. बळवंत आणि हे, दोघं एकाच बंडलातली विडी ओढत लहानाचे मोठे झालेले. मी ठरवलं म्हणजे काम झालं, असा माझा समज होता. तो समज त्या पेटीनं मोडला.

पेटी आमच्या आरोग्य उपकेंद्रात आहे. कपाटाएवढी, पुढे पडदा, बाजूला फुंकायची नळी. आमच्याच भागातल्या एखाद्या शिकलेल्या पोरीसारखी बोलते, आणि लागलं तर शहरातला डॉक्टर पडद्यावर आणून बसवते. स्कॅनची गाडी सहा महिन्यांतून एकदा शाळेच्या पटांगणात येते. पूर्वी म्हणे यादी करून माणसं गाडीत कोंबायचे. मग कुणाच्या छातीत डाग दिसायचा, घाबरून माणूस अन्न सोडायचा, सुया टोचून घ्यायचा, आणि शेवटी कळायचं की लहानपणीच्या क्षयाचा वण होता. म्हणून नियम बदलला. आता ज्याची छाती त्यानं फायदा-तोटा दोन्ही समजून घ्यायचा, पेटीला स्वतःच्या शब्दांत परत सांगायचा, आणि मग हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. पेटीला दोन्ही सारखंच. हो म्हणालात तर शाबास नाही, नाही म्हणालात तर राग नाही.

असला कसला दवाखाना? औषध घ्या म्हणत नाही, तपासून घ्या म्हणत नाही, नुसतं तुम्हाला काय वाटतं म्हणून विचारतो! मला काय वाटतं ते मी घरी बसून सांगितलं असतं.

तर मी मालकांना ओढत उपकेंद्रात नेलं.

"नाव सांगा," पेटी म्हणाली.

"हिंदुराव दत्तू चौगुले. वय एकाहत्तर. विडी ओढतात. फोटो काढायचा आहे, नंबर लाव," मी एका दमात सांगितलं.

"हा आवाज बाईंचा आहे. हिंदुरावांनी स्वतः बोलावं."

"अगं बये, त्यांचं सगळं मीच बोलते."

"कळलं. पण छाती त्यांची आहे."

रेश्मा तोंडाला ओढणी लावून हसली. ती गावची आशाताई, पेटीची राखण तिच्याकडे. तिच्या लग्नात पंगतीला गूळ आमचा होता, म्हणून घरचीच समजून मी ते हसणं सोडून दिलं.

मालक खाकरले. "म्या हिंदुराव," म्हणाले, आणि घाम पुसला.

मग पेटीनं फुंकायची नळी समजावून सांगितली. आपण सोडतो त्या श्वासात नुसती हवा नसते. फुप्फुसाच्या आत एक ओलं अस्तर असतं, हवा त्याच्यावरून फिरून येते आणि येताना तिथल्या बारीक बारीक वाफा उचलून आणते. धूर न लागलेल्या अस्तराची वाफ वेगळी आणि वर्षानुवर्षं धूर खाल्लेल्याची वेगळी. ती पेटीला ओळखता येते. कर्करोग आहे की नाही, ते तिला कळत नाही, आणि कळतं असा आवही ती आणत नाही. या छातीनं किती धूर पचवलाय आणि या माणसानं फोटोचा विचार करावा का, एवढंच ती सांगते.

"म्हंजे पाकाचा वास घेतल्यागत," मालक म्हणाले.

"अगदी तसंच," पेटी म्हणाली. मालक एवढे खूश झाले की जणू जावयानं मान दिला.

पण नळी तोंडाशी आली तसे मागं सरकले. "मालन, आधी तू फुंक. मग मी."

"जन्मभर पेटवून दिलं, आता फुंकून पण मीच देऊ?" असं मी म्हणाले आणि रागानं नळीत फुंकलं. आपण सुरू करून दिल्याशिवाय या माणसाचं काही सुरूच होत नाही.

पडद्यावरचा हिरवा दिवा पिवळा झाला.

"मालनबाई," पेटी म्हणाली, "एक विचारू? तुम्ही विडी ओढता का?"

चप्पल तिथं निघाली.

"चौगुल्यांच्या घरातल्या बायका विडी ओढत नाहीत!" मी ओरडले. "मशेरीसुद्धा लावत नाहीत! रेश्मे, बिघडलीय तुझी पेटी."

कोपऱ्यातून मालक हळूच म्हणाले, "वढत न्हाई वो ती. पेटवून देती."

पेटीनं पडद्यावर काहीतरी नोंदवलं. मग म्हणाली, "पेटवून देताना झुरका घ्यावा लागतो का?"

आता हे गुऱ्हाळाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. गुळव्याचे दोन्ही हात लांब दांड्याच्या झाऱ्यावर असतात. रस चढत असतो, मळी काढायची असते, काहिलीवरून नजर हलवता येत नाही. त्याला विडीची तलफ आली की तो हनुवटी उचलतो. मग मी चुलवाणातला निखारा चिमट्यानं उचलायचा, विडी ओठांत धरायची, माळावरच्या वाऱ्यात ती विझू नये म्हणून दोन झुरके मारून लाल करायची, आणि पदरानं पुसून त्यांच्या ओठांत द्यायची. माझ्या सासूनं सासऱ्यांना अशीच दिली. आमच्या भागातल्या गुळव्यांच्या बायका अशीच देतात. याला कुणी ओढणं म्हणत नाही. भाजीचं मीठ बघितलं म्हणून बाई जेवली असं होतं का?

"दिवसाला किती विड्या?" पेटीनं विचारलं.

"ईस," मालकांनी सांगून टाकलं. "हंगाम नसला तरी ईस. एकेचाळीस वर्सं झाली. घरी बी तिच्याच हातची लागती. दुसऱ्याची गोड लागत न्हाई." आणि हे त्यांनी असं कौतुकानं सांगितलं, जशी माझी पुरणपोळी वाखाणावी.

"म्हणजे दिवसाला चाळीस झुरके, एकेचाळीस वर्षं," पेटी म्हणाली. "आणि वर चुलवाणाचा धूर. हिंदुरावांचं तर विड्यांच्या आकड्यावरूनच कळतं. फोटोचा विचार तुम्हा दोघांनीही करावा असं आहे."

मी चप्पल पायात सरकवली आणि बाहेर पडले. मालकांना तिथंच सोडून. वाटेत शेवंताचं घर लागतं. त्या दिवशी मी लांबच्या वाटेनं गेले.

शेवंता आमच्याकडं चिपाड वाळवायला होती. बावीस वर्षं कामाला. दोन हंगामांमागं मी तिला चिपाडाच्या गंजीमागं विडी ओढताना पकडलं. सगळ्या कामकऱ्यांपुढं उभं केलं. "बाईमाणूस असून धूर काढतीस? लाज न्हाई?" म्हणाले, आणि तिथल्या तिथं काढून टाकलं. ती म्हणाली होती, "आक्का, तुमी बी तर..." मी तिला पुढचं बोलू दिलं नाही. आता त्या 'तुमी बी तर'च्या पुढचं मला पेटीकडून ऐकावं लागलं.

घरी सुनेनं विचारलं, "काय झालं, आत्याबाई?" ऋतुजा शिकलेली आहे, पण तोंड सांभाळून विचारते. मी म्हणाले, "काही नाही, पेटी नासकी आहे."

"पेटी फोनवरपण बोलते की. तिथं जायला नको. मामंजींना मी लावून देते."

लावून दिला, आणि माझ्या घरात सवत आली. दुपारची कामं उरकली की मालक फोन घेऊन लिंबाखाली बसायचे. ज्या माणसानं मला एकेचाळीस वर्षांत 'भाकरी वाढ' आणि 'विडी दे' याच्यापलीकडं फारसं काही विचारलं नाही, तो तिला विचारायचा, "फुप्फुस कापलं तर उरल्यालं पुरतं का वो? सुई कुठनं घालत्यात? बळवंताला लई दुखलं असंल का?" हे शेवटचं मी दारातून ऐकलं. मला कधी विचारलं नव्हतं.

गाडी यायला आठ दिवस राहिले तेव्हा पेटीनं डॉक्टर जोडून दिली. डॉक्टर नेत्रा इनामदार. पडद्यावर पोरसवदाच दिसत होती. आम्ही घराच्या पुढच्या सोप्यात बसलो. ऋतुजानं फोन तांब्याला टेकवून ठेवला.

"नमस्कार आजोबा. नमस्कार आजी."

"आजी कुणाची? आक्का म्हणतात मला."

"बरं, आक्का." हसली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

पडद्यावर शंभर गुळाच्या ढेपा मांडलेल्या दिसल्या. ज्याचा जो धंदा, त्याला त्याच्यातलंच चित्र दाखवायचं ही पेटीची हुशारी. डॉक्टर म्हणाली, "धरा की ही विडी ओढणारी शंभर माणसं आहेत. यांचा कमी किरणांचा फोटो काढला तर वीस-पंचवीस जणांत काहीतरी डाग दिसेल." पंचवीसएक ढेपांवर ठिपके उमटले. "यातले बहुतेक डाग निरुपद्रवी. जुना क्षय, जुना न्यूमोनिया, धूर. खरा आजार एखाद्याचाच. पण कुणाचा, ते लगेच कळत नाही. पुन्हा फोटो, कधी सुई, आणि तोपर्यंत घोर. हा तोटा. एखादी गाठ अशी असते की तिनं जन्मात त्रास दिला नसता, तरी आपण तिच्या मागं लागतो. हाही तोटा. आणि थोडे किरण अंगात जातात."

"फायदा सांगा की," मी म्हणाले.

"फायदा सांगायला शंभर ढेपा पुरत नाहीत. हजार माणसं घ्या. तपासलं नाही तर काही वर्षांत त्यातली साधारण एकवीस या आजारानं जातात. दरवेळी नेमानं तपासलं तर अठरा."

मी थांबले, पुढं काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही.

"तीन?" मी म्हणाले. "हजारात तिघांसाठी हा एवढा तमाशा?"

"हो. तीन," ती म्हणाली. "कुणाला ते थोडे वाटतात, कुणाला खूप. म्हणून तर विचारायचं. आजोबा, आता तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा, काय कळलं?"

मालकांनी मांडी सारखी केली. आणि बोलले. मला वाटलं नव्हतं या माणसाकडं एवढी वाक्यं असतील.

"फोटूत डाग दिसला म्हंजे आजार असं न्हाई. आजार असला आन् लवकर घावला तर कापून काढत्यात. हजारात तिघं वाचत्यात. पर डाक्टर, बळवंताच्या छातीत नळ्या घातल्याल्या म्या बघितल्यात. म्या कापून घेनार न्हाई. काय बी झालं तरी. आन् कापून घ्यायचंच नसंल तर डाग बघून करायचं काय? नुसता घोर. मला फोटू नगं."

"तुम्हाला अगदी नीट कळलंय," डॉक्टर म्हणाली. "तुमचा नकार लिहून घेते. मन बदललं तर कधीही सांगा."

"लिहून घेते?" मी फोन तांब्यावरून उचलला. "अहो, सांगा की त्यास्नी! दरडावून सांगा! डॉक्टर आहात ना?"

"आक्का, दोन्ही बाजू नीट समजून घेऊन त्यांनी ठरवलंय. ते मी मोडू शकत नाही."

"मग एवढं शिकलात कशाला?"

"दरडावणं पहिल्याच वर्षी येतं," ती म्हणाली. "न दरडावायला शिकण्यात बाकीची वर्षं गेली." मग मालकांकडं वळून म्हणाली, "एक मात्र सांगते, आजोबा, त्याला दोन बाजू नाहीत. फोटो काढा नाहीतर नका काढू, विडी सोडा. या वयातही फायदा आहे. आणि आक्का, तुमचं काय?"

मी फोन उलटा ठेवला.

मालक उठले, धोतर झटकलं. "माझं झालं," म्हणाले. "आता तुझं सांग."

अशी आग झाली अंगाची! या माणसाला मी औत धरायला शिकवलं नाही एवढंच, बाकी सगळं मी केलं. पोराची शाळा, सून बघणं, घराचा रंग. आणि मरायचं कसं ते हा परस्पर ठरवून मोकळा! तेही इतकं नीटनेटकं, की मला खोट काढता येईना. खोट काढता आली असती तर मी दोन दिवस भांडले असते आणि जिंकले असते.

पुढच्या दोन दिवसांत मी एक चोरटा उपाय करून पाहिला. रेश्मा जेवायला गेलेली बघून उपकेंद्रात गेले आणि पेटीला म्हणाले, "हे बघ. मला फोटो काढायचा आहे. चुलवाणाचा धूर लागतो एवढंच लिही. विडीचं राहू दे."

"तेवढंच लिहिलं तर गाडीत नंबर लागत नाही, मालनबाई. गाडीचा नियम विडी-सिगारेटवर आहे."

"का? तो धूर नाही? चिपाडाचा धूर काय उदबत्तीचा असतो?"

"तुमचं बरोबर आहे," पेटी म्हणाली. "चुलीच्या धुरानंही छाती बिघडते. पण ज्या माणसांवर पूर्वी हे तपासून पाहिलं, ती सगळी सिगारेट ओढणारी होती. चुलीपुढच्या बायका त्यात नव्हत्या. त्यामुळे त्यांना फायदा किती, तोटा किती, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही."

"म्हणजे आम्हाला कुणी मोजलंच नाही."

"नाही."

ती नाही म्हणाली, सरळ. त्या दिवसापुरती ती मला जरा आवडली. पण नियम काही हलला नाही. चूल जन्मभर फुंकली त्याला नंबर नाही, आणि विडी ओढते असं स्वतःच्या तोंडानं म्हटल्याशिवाय दार उघडत नाही. ते म्हणायचं एकदा पेटीला, आणि गाडी येईल त्या दिवशी पुन्हा दारातल्या टेबलावर. पेटी म्हणाली, हळू आवाजात सांगितलं तरी चालेल. आमच्या गावात हळू आवाज पलीकडच्या वाडीपर्यंत जातो, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी पेटीला विचारलं, "तू माझ्या जागी असतीस तर?"

"मला छाती नाही, मालनबाई."

काय बोलणार असल्या बाईशी? मी पिशवी उचलली, दारापर्यंत गेले. हजारातली ती तिघं डोळ्यांपुढून जाईनात. कोण असतील? त्यातला एक बळवंत असता तर? आणि त्यांच्याही घरात कुणीतरी म्हणालं असेल, आमच्या घरात असलं काही नाही. मी परत फिरले, पडद्याला तोंड लावून कुजबुजले. पेटीनं लिहून घेतलं. शाबास म्हणाली नाही.

गाडीच्या दिवशी पटांगणात वीस-बावीस माणसं होती. बहुतेक पुरुष. बायका दोघीच. एक मी आणि माझ्या पुढं शेवंता.

तिनं मागं वळून बघितलं. "आक्का? मालकांसाठी नंबर धरलाय व्हय?"

मी वर आभाळाकडं बघितलं. आभाळात काही नव्हतं.

टेबलापाशी रेश्मा बसलेली. शेवंताची पाळी आली. "तुझ्या शब्दांत सांग, का आलीस."

"मी विडी वढते," शेवंता म्हणाली. भाजीवालीला भाव विचारावा तशी. "पंधराव्या वर्षापास्नं. डाग दिसला तर बघून घीन, न दिसला तर बरंच. पोरीचं लगीन व्हायचंय माझ्या." अंगठा लावला आणि गाडीची पायरी चढून दाराशी उभी राहिली. आत एकजण होता, तो बाहेर यायचा होता.

"आक्का, तुम्ही सांगा," रेश्मा म्हणाली. डोळे खाली घालून म्हणाली. पोरगी गुळाला जागली.

मागं वीस माणसं. पायरीवर शेवंता. आयुष्यात मी कुणापुढं आवाज बारीक केला नव्हता, आणि आता बारीक काढला असता तर सगळ्यांनी कान टवकारून ऐकला असता. मग म्हटलं, बोलायचंच तर आपल्या आवाजात.

"मी मालन हिंदुराव चौगुले," मी म्हणाले. पटांगणाच्या पार टोकाला ऐकू गेलं असेल. "एकेचाळीस वर्षं विडी ओढते. रोज चाळीस झुरके. नवऱ्याच्या नावानं. डाग दिसला म्हणजे मेले असं नाही, आणि नाही दिसला म्हणजे सुटले असंही नाही. हजारात तिघं वाचतात. थोडी आहेत, पण मला बघायचं आहे. लिही."

रांगेत कुणी हसलं नाही. उलट मागचा एकजण आपल्या चपलेकडं बघायला लागला. त्याची बायकोही गुऱ्हाळावर असते.

शेवंता पायरीवरून म्हणाली, "आक्का, नीट ऐकू आलं न्हाई. वाऱ्यानं गेलं. येकदा परत म्हणता?"

"सोमवारपासून कामावर ये," मी म्हणाले. "तिथं म्हणीन."

"कामावर आल्यावर गंजीमागं जाऊ द्याल न्हवं?"

"गंजीमागं नाही. डॉक्टरीण म्हणालीय सोड म्हणून. माझ्यापुढं बसून सोड."

ती हसली आणि आत गेली. दोन वर्षांचं भांडण कुणी एवढ्यात मिटवतं का? पण पुढं रांग होती.

दहा दिवसांनी फोन आला. शेवंताची छाती साफ निघाली. एवढी वर्षं विडी ओढून साफ! माझ्या उजव्या बाजूला डाग.

"किती मोठा?" मी विचारलं.

"साबुदाण्याएवढा," डॉक्टर नेत्रा म्हणाली. "न भिजवलेल्या. बहुतेक जुना वण असावा. सहा महिन्यांनी पुढची गाडी आली की पुन्हा फोटो काढू. तेवढाच राहिला तर चांगलं, वाढला तर पुढचं बघू."

"बहुतेक म्हणजे? आहे का नाही?"

"आज सांगता येत नाही, आक्का. हे आपण आधी बोललो होतो."

बोललो होतो. मी स्वतःच्या तोंडानं पटांगणात सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि सहा महिने छातीत साबुदाणा घेऊन भाकरी थापणं वेगळं. हे कुणाच्या ढेपेवर दाखवलेलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि सुनेवर ओरडले, मांजरावर ओरडले, आणि दुपारी गुऱ्हाळावर जाऊन कामकऱ्यांवर ओरडले.

मालक काहिलीवर होते. त्यांना ऋतुजानं सांगितलेलं होतं. झारा न थांबवता म्हणाले, "सा म्हयने म्हंजे काय जास्ती न्हाईत. पाक अजून व्हायचाय, एवढंच. घाई केली तर ढेप बसत न्हाई."

"तुमचं बरं आहे. तुम्ही बघितलंच नाही."

"म्या बघितलं न्हाई," ते म्हणाले, "तर आता तुझा घोर लागलाय. कुठं सुटलोय?"

एवढं बोलून त्यांनी सवयीनं हनुवटी उचलली.

मी बंडलातून विडी काढली. चिमट्यानं निखारा उचलला. विडी माझ्या ओठांपर्यंत आली, तंबाखूचा वास आला, आणि हात तिथंच थांबला. चिपाड टाकता टाकता शेवंता बघत होती. मी विडी तशीच, न पेटवलेली, मालकांच्या ओठांत दिली आणि निखारा तिच्या टोकाशी धरला.

"ओढा," म्हणाले. "तुमची विडी, तुमची छाती."

त्यांनी ओढली. वारा होता. विडी पेटली नाही. पुन्हा ओढली, ठसका लागला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या माणसाला आता वाऱ्यात विडी पेटवता येत नाही. एकेचाळीस वर्षं ती पेटलेलीच मिळाली. हात मोकळा करून वाऱ्याला आडोसा केला असता तर पेटली असती, पण रस चढत होता. झारा सोडावा तर पाक लागणार, न सोडावा तर विडी जाणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी निखारा धरून उभी होते, तशीच उभी राहिले. फुंकर घातली नाही.

वाफेचा एक लोट आला. मालकांनी नाक वर केलं, विडी थुंकून दिली आणि ओरडले, "झाला! उतरवा!"

माणसं धावली. काहील उतरली. त्या दिवसाचा गूळ असा निघाला, की बघत राहावं.

दुसऱ्या काहिलीला त्यांनी हनुवटी उचलली नाही. तिसऱ्यालाही नाही. विडी सोडली की फक्त त्या दिवसापुरती राहिली, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर हो म्हणाले तरी शाबास नाही, नाही म्हणाले तरी राग नाही, हे मला पेटीसारखं जमलं नसतं.